बीटच्या ग्रुपवरचे फोटो आणि कानबाईची गाणी: एका भरलेल्या फोनचं प्रकरण

सप्टेंबर म्हणजे अंगणवाडीत पोषण महिना. २०१८ पासून दर वर्षी तो पाळला जातो. पाककृती प्रदर्शन, वजन-उंची, हात धुण्याचं प्रात्यक्षिक, मातांची बैठक, प्रभातफेरी, आणि या सगळ्याचे फोटो. अमळनेर तालुक्यात पारोळा रस्त्याकडच्या एका गावात सेविका असलेल्या ताईंचा फोन नेमका याच महिन्याच्या तोंडावर आडवा आला. पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अॅप, अपडेट मागत होतं, अपडेटला जागा नव्हती आणि अपडेट झाल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं. कॅमेरा उघडला की ‘स्टोरेज फुल’. व्हॉट्सअॅपवर पर्यवेक्षिका मॅडमनी पाठवलेलं पत्रक गोल गोल फिरत राहायचं, उतरायचं नाही.

मी अमळनेरला संगणक वर्ग चालवतो आणि ओळखीच्यांच्या मोबाईलची अशी कामं बघतो. ताई आल्या, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, मोबाईल भरी गया. आते काय करू?”

असे फोन रोजच येतात. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते एवढ्यासाठी की ताई हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. येण्याआधी त्यांनी बरंच काही पुसलं होतं, लेकीचे फोटोसुद्धा पुसले होते. तरीही जागा झाली नव्हती. जे प्रिय ते गेलं आणि जे अडगळीचं ते जागच्या जागी राहिलं, असं का झालं याचा हा हिशेब आहे.

फोन आणि त्यावरचा भार

फोन साधा अँड्रॉइड, ६४ जीबी साठवण, ४ जीबी रॅम, तीनेक वर्षं वापरलेला. दोन सिम, एक घरचं आणि एक कामाचं. मेमरी कार्ड घालायची सोय होती, पण दुसरं सिम आणि कार्ड यांना मिळून एकच खाच. सिम काढता येत नव्हतं, म्हणजे कार्डाचा विषय तिथेच संपला.

सेविकेच्या कामात फोन आता रजिस्टरइतकाच लागतो. पोषण ट्रॅकर २०२१ च्या मार्चमध्ये आलं. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. त्या फोनची रॅम आणि साठवण तोकडी आहे, नवं अॅप त्यात चालत नाही, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखणंही सक्तीचं झालं. त्यामुळे फोन अडला की आहाराचं वाटप अडतं आणि दारात उभ्या असलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणावं लागतं. ताईंची घाई त्यासाठी होती.

आधी काय काय करून झालं होतं

हा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो. लोकांना तो आवडत नाही, पण अर्धं निदान त्यातच असतं.

ताईंनी गॅलरीतून शे-दीडशे फोटो आणि काही व्हिडिओ डिलीट केले होते. मग भाच्याने एक ‘क्लीनर’ टाकून दिला. तो दर थोड्या वेळाने फोन ‘स्वच्छ’ केल्याचं सांगायचा आणि मध्ये मध्ये जाहिरात दाखवायचा. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बाहेरून टाकलेल्या अॅपला दुसऱ्या अॅपच्या कॅशेला, म्हणजे त्याने तात्पुरत्या साठवलेल्या फायलींना, हातच लावता येत नाही. मग तो काय स्वच्छ करत होता, हे त्यालाच माहीत. स्वतः मात्र जागा खात होता.

भाच्याने आणखी एक केलं होतं. व्हॉट्सअॅपमधली ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केली होती. त्यामुळे ग्रुपवरचे फोटो गॅलरीत दिसायचे थांबले आणि गॅलरी मोकळी वाटू लागली. पण या बटणाने फोटो गॅलरीत दिसायचा तेवढा थांबतो, फोनमध्ये उतरायचा थांबत नाही. आधी निदान कचरा दिसत तरी होता, आता तो नजरेआड साठत होता. माझ्याकडे येणाऱ्या फोनांत हा घोटाळा इतक्या वेळा दिसतो की हे बटण घरातल्या मुलांच्या हाती लागू नये असं वाटतं.

पैसे पाठवायचं अॅपही काढून टाकलेलं. त्याने मिळालेली जागा नगण्य, त्रास रोजचा.

आणि भाच्याचा शेवटचा सल्ला होता: पोषण ट्रॅकरचा ‘क्लिअर डेटा’ करून टाक. ताईंनी तो ऐकला नाही हे फार बरं झालं. कॅशे पुसली तर अॅप ती पुन्हा तयार करून घेतं, नुकसान काही होत नाही. ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणजे अॅप कोरं करणं. लॉगिन जातं, आणि सर्व्हरवर न पोचलेली एखादी नोंद फोनमध्येच अडकलेली असेल तर तीही जाते. सेटिंगमध्ये ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात. कामाच्या अॅपवर दुसऱ्या बटणाकडे बोटही नेऊ नये.

मोजणी

काहीही पुसायच्या आधी सेटिंगमधलं स्टोरेजचं पान उघडलं. आकडे साधारण असे होते: सिस्टीम १६ जीबी, अॅप्स ११, फोटो १५, व्हिडिओ १३, कागदपत्रं आणि इतर ८, आवाजाच्या फायली अर्ध्या जीबीच्या थोड्या वर. शिल्लक ४०० एमबी.

सोळा जीबी सिस्टीमचे बघून ताईंना धक्का बसला. ६४ जीबीचा फोन घेतला तर ६४ आपले, असं त्यांनी धरलं होतं. तसं नसतं. अँड्रॉइड आणि कंपनीने घातलेलं सामान त्यातच बसतं आणि त्याला आपल्याला हात लावता येत नाही. खरा हिशेब अठ्ठेचाळीस जीबीचा.

या पानावर व्हॉट्सअॅप कुठे आहे? शोधून सापडत नाही, कारण त्याचे फोटो फोटोंत मोजले जातात, व्हिडिओ व्हिडिओंत आणि पीडीएफ कागदपत्रांत. अॅपच्या नावापुढे छोटासा आकडा दिसतो आणि माणूस पुढे सरकतो. म्हणून व्हॉट्सअॅपच्या आत जाऊन, सेटिंग, मग ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’ असं उघडलं. तिथे १३ जीबीच्या वर आकडा होता. हा आकडा वरच्या आकड्यांत मिळवायचा नाही, तो त्यांच्याच पोटातला आहे. पण त्याने नजर बदलते. फोनमध्ये ताईंची जी जागा होती, तिच्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग एकट्या व्हॉट्सअॅपने अडवला होता.

फोन हळू का झाला, हेही इथेच सांगतो. फोनच्या साठवणीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ठोकळा मोकळा करावा लागतो, त्यातलं कामाचं दुसरीकडे हलवावं लागतं, मग लिहिता येतं. भाव येईल म्हणून घरात छतापर्यंत कापूस भरला की आतलं एक गाठोडं काढायला आधी चार हलवावी लागतात, तसलाच हा प्रकार. थोडी मोकळी जागा कायम लागतेच. ४०० एमबीवर फोन चालत होता हेच नवल.

ट्रॅशमध्ये काय होतं

ताईंनी पुसलेले फोटो आणि व्हिडिओ कुठे गेले होते? कुठेच नाही. गॅलरीच्या ट्रॅशमध्ये पडून होते, दोन जीबी. डिलीट केलेलं बहुतेक फोनांत ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं आणि तोवर जागा अडवतच राहतं. म्हणून त्यांच्या पुसण्याला फळ आलं नव्हतं.

भाचा सोबत आला होता. तो म्हणाला, “एम्टी करून टाका, दोन जीबी मिळतील.” मी म्हटलं, थांब, आधी बघू दे त्यांना.

ताईंनी एक एक फोटो बघायला सुरुवात केली. लेक पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवसाचे तीन, वारलेल्या दिरांचा एक, शेतात विहिरीला पाणी लागलं तेव्हाचा एक. घाईत, समोर दिसतील ते फोटो निवडत गेल्या होत्या, आणि गॅलरीत समोर दिसणारे बहुतेक घरचेच होते, कारण व्हॉट्सअॅपचे तर भाच्याने लपवून ठेवले होते. चाळीसेक फोटो परत आणले. त्यांनी मिळून काही दोनशे एमबीसुद्धा अडवली नाही. उरलेलं त्यांनी स्वतःच्या हाताने रिकामं केलं.

एक घरचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो पुसून पुसून किती पुसणार? पण डिलीट करायची वेळ आली की हात आधी गॅलरीकडेच जातो.

तातडीची जागा

त्या दिवशी आधी पोषण ट्रॅकर चालू होणं गरजेचं होतं. म्हणून ज्यात विचार करायला काहीच नाही असं आधी काढलं. व्हिडिओच्या अॅपमध्ये लेकीने बघायला म्हणून उतरवून ठेवलेली कार्टून, दोन जीबी. टेलिग्रामची कॅशे, दीड जीबी. ‘सिक्रेट चॅट’ सोडल्या तर टेलिग्रामवरचं सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं, लागेल तेव्हा पुन्हा उतरतं. भाच्याचा क्लीनर आणि दोन खेळ. चार जीबी मोकळे झाले. वर्गातल्या वायफायवर अपडेट उतरलं, ताईंनी लॉगिन तपासलं, राहिलेल्या नोंदी चढल्या. पैशाचं अॅपही परत टाकलं.

बाकीचं काम निवांतपणे, दुसऱ्या भेटीत.

कानबाई

व्हिडिओंचे १३ जीबी उघडले तर निम्मे एकाच रात्रीचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. भाऊबंद गोळा होतात, रोट होतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात. ताईंच्या सासूबाई या गाण्यांत पुढे. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत, त्यांच्या तोंडातच आहेत. ताईंनी फोन खांबाला टेकवून ठेवला होता आणि सगळं चित्रित केलं होतं. एक व्हिडिओ तर सलग ३८ मिनिटांचा.

फुल एचडीमध्ये, म्हणजे १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेम, एका मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात. त्या एका व्हिडिओचेच जवळजवळ पाच जीबी झाले होते. बाकीचे छोटे धरून साडेसहा. हेच ४के मध्ये घेतलं असतं तर अडीच पटीच्या वर गेलं असतं आणि फोन त्याच रात्री भरला असता.

हे पुसायचं नाही, हे सांगायलाच नको. तरी सासूबाईंनी निरोप पाठवला होता: “कानबाईना गाना तेवढा ऱ्हाऊ द्या.”

ताईंनी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणला होता. फोनला ओटीजीने, म्हणजे पेनड्राइव्ह फोनला लावायच्या छोट्या जोडणीने, जोडून कॉपी करायला घेतलं, तर छोटे व्हिडिओ गेले आणि मोठा अडला. जागा भरपूर होती. अडचण पेनड्राइव्हच्या बांधणीची. या आकाराचे पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीने तयार होऊन येतात आणि त्यात चार जीबीहून मोठी एक फाईल बसतच नाही. संगणकावर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, मग ती गेली. (पुढे घरच्या जुन्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येईना. मग त्या व्हिडिओचे दोन तुकडे करून फॅट३२ वर दिले. टीव्हीवर लावून बघायचं होतं, हे आधी विचारायला हवं हे मी या प्रकरणातून घेतलं.)

फोनवरून लगेच काही काढलं नाही. दोन्हीकडच्या फायलींचा आकार जुळवला, प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघितला. पेनड्राइव्हही मरतो, ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या मरतो. म्हणून दुसरी प्रत धुळ्याला नणंदेकडे गेली. ती पोचल्याचा आणि चालल्याचा फोन आल्यावरच ताईंनी मूळ व्हिडिओ फोनमधून काढले आणि ट्रॅशमधूनही काढले. एक तीन मिनिटांचं गाणं फोनमध्येच ठेवलं.

एकाच फोटोच्या चार प्रती

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचं मूळ इथे आहे.

उपक्रमाचा फोटो ठिकाण आणि वेळेच्या शिक्क्यासह पाठवायचा असतो. त्यासाठी ताई जीपीएसचा शिक्का मारणारं कॅमेरा अॅप वापरतात. त्या अॅपमध्ये ‘मूळ फोटोही जपून ठेवा’ ही सोय चालू होती. म्हणजे एकदा बटण दाबलं की दोन फोटो: एक कोरा, एक शिक्क्याचा. मग शिक्क्याचा फोटो गॅलरीतून बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या, ग्रुपवर गेला. व्हॉट्सअॅप पाठवताना फोटो आकसून त्याची आपली वेगळी प्रत करतं आणि ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. ही तिसरी. तोच फोटो पुन्हा गॅलरीतून निवडून दुसऱ्या ग्रुपवर टाकला की ‘सेंट’मध्ये आणखी एक. चौथी.

आम्ही हात धुण्याच्या उपक्रमाचा एक फोटो धरून शोधत गेलो. पाच मुलं ओळीने उभी, एकाच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस. तो फोटो खरंच चार ठिकाणी सापडला. गॅलरीत मात्र दोनच दिसत होते, कारण ‘सेंट’ फोल्डर गॅलरीपासून मुद्दाम लपवलेलं असतं. फाईल मॅनेजरमधून ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग व्हॉट्सअॅपचं फोल्डर असं खाली खाली उतरल्यावर ते भेटतं.

शिक्का मारणाऱ्या अॅपचे कोरे आणि शिक्क्याचे फोटो मिळून सहा जीबी होते, प्रत्येकी तीन. कोरे सगळे काढले, आणि ती सोय बंद केली. कॅमेरा ५० मेगापिक्सेलवर लावलेला होता, तो १२ वर आणला. ग्रुपवर जाताना फोटो आकसणारच आहे, तर आधी फुगवून घ्यायचा कशाला?

इथे एक बारकावा आहे. कामाच्या फोटोंत शिक्क्याचा ठेवायचा आणि कोरा काढायचा. घरच्या फोटोंत उलट: कॅमेऱ्यातला मूळ ठेवायचा आणि ‘सेंट’मधला काढायचा. ‘डुप्लिकेट’ शोधून देणारी बरीच अॅप्स तंतोतंत सारख्या फायलीच पकडतात. आकसलेली प्रत त्यांच्या लेखी वेगळा फोटो असतो, म्हणून या चार प्रतींतल्या त्यांना एकही डुप्लिकेट दिसली नाही. हे डोळ्यांनीच करावं लागलं. ‘सेंट’मधलं पुसलं की आपल्या चॅटमध्ये तो फोटो धूसर दिसतो, समोरच्याकडचा जात नाही. मॅडमकडे गेलेला पुरावा तसाच राहतो, हे ऐकल्यावर ताईंचा हात मोकळा झाला.

व्हॉट्सअॅप

मॅनेज स्टोरेजमध्ये वर दोन ढीग दिसतात: पाच एमबीहून मोठ्या फायली आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं. दुसरा ढीग ताईंनी न बघताच पुसला. त्यात सुप्रभात होतं, देवीचे व्हिडिओ होते आणि एकच उपाय दहा आजारांवर सांगणारे वैद्य होते. पहिल्यात मात्र थांबावं लागलं, कारण प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि सूचना त्यात होत्या. हवं त्यावर स्टार मारला, बाकीचं काढलं. व्हिडिओंतले चार जीबी गेले, फोटोंतले ‘सेंट’ धरून साडेतीन.

शासन निर्णयाच्या पीडीएफ तीन-तीन ग्रुपांवरून आलेल्या, काही तर एकाच दिवशी. एक एक ठेवली, कामाची पत्रकं वेगळ्या फोल्डरात नेली. बीटच्या ग्रुपला ‘क्लिअर चॅट’ मी करू दिलं नाही. कुठली तारीख कोणत्या संदेशात दिली होती, हे विचारायला सेविकेला पुन्हा तिथेच जावं लागतं.

आणखी एक कोपरा कुणी बघत नाही. व्हॉट्सअॅप रोज रात्री फोनमध्येच स्वतःच्या संदेशांची एक बॅकअप फाईल करतं आणि साधारण आठवड्याभराच्या फायली ठेवतं. ताईंच्या फोनमध्ये त्या अडीच जीबी होत्या. अलीकडच्या ठेवून जुन्या काढल्या. सगळ्या काढू नयेत, फोन बिघडला तर त्या उपयोगी पडतात.

मग ऑटो-डाउनलोड. मोबाईल डेटा, वायफाय, दोन्हींवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचे बंद केले. आता ताई ज्याला बोट लावतील तेवढंच उतरतं. भाच्याला वाटत होतं ते काम याने होतं.

आधारचे फोटो

व्हॉट्सअॅपचे फोटो चाळताना मधूनमधून आधार कार्ड दिसत होती. लाभार्थी आईचं, बाळाच्या वडिलांचं, एकाचे दोन बाजूंचे वेगवेगळे. नोंदणीसाठी घरून मागवलेले, काम झाल्यावर तसेच राहिलेले. आकाराने किरकोळ, म्हणून जागेच्या यादीत ते कधीच वर येणार नाहीत. ते मी ताईंना वेगळे काढायला लावले आणि नोंदणी पूर्ण झालेल्यांचे सगळे पुसायला लावले.

याच कारणाने मी फोन संगणकाला जोडून सरसकट कॉपी केली नाही. तसं करणं सोपं पडलं असतं, दुकानात बहुतेक जण तेच करतात. पण गावातल्या मुलांचे, गरोदर बायकांचे फोटो आणि त्यांची आधार कार्डं माझ्या संगणकावर असण्याचं काही कारण नाही. फोन ताईंच्याच हातात राहिला, बोट त्यांचं चाललं, मी शेजारी बसून सांगत गेलो. वेळ जास्त लागला.

गुगलच्या खात्याचं काय

“सगळं गुगलला ठेवून इथलं पुसता येणार नाही का?” असं ताईंनी विचारलं. येतं, पण त्यांचं खातंही काठोकाठ होतं. फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. १ जून २०२१ पासून फोटोंचा हलका दर्जाही त्यात मोजला जातो, आणि २०२४ पासून व्हॉट्सअॅपचा बॅकअपसुद्धा. तो आधी वेगळा, फुकट होता. ताईंच्या व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओही जात होते. ते वगळले, पुढच्या बॅकअपला तो लहान झाला आणि खात्यात जागा झाली. मग फोटोंचा बॅकअप, जो कधीचा अडकून पडला होता, घरच्या फोल्डरापुरता सुरू केला.

गुगल फोटोमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांचं नुकसान त्या गल्लतीतच होतं. ‘फ्री अप स्पेस’ म्हणजे वर चढलेल्यांची फोनमधली प्रत काढणं, वरची राहते. पण फोटो उघडून साधा डिलीट केला तर दोन्हीकडचा जातो, आणि ६० दिवसांनी ट्रॅशमधूनही. ताईंच्या वहीत मी हे लिहूनच दिलं. गावात रेंज लंगडी असल्याने बॅकअप पूर्ण व्हायला आठवडे लागणार होते. तोवर ‘फ्री अप स्पेस’लाही हात लावायचा नाही असं ठरलं.

किती मिळालं, काय उरलं

सगळं धरून पंचवीस जीबीच्या आसपास मोकळे झाले. ट्रॅश दोन, अॅप्स चार, कानबाई साडेसहा, शिक्क्याच्या अॅपमधले कोरे फोटो तीन, आणि व्हॉट्सअॅपमधून सगळं मिळून दहा. घरच्या फोटोंतून आणखी एकही काढावा लागला नाही, उलट चाळीसेक परत आले.

फोन बदलावा का, हा प्रश्न ताईंनी विचारलाच. माझं मत असं पडलं की आत्ता नको. पुढे घ्यायचाच झाला तर १२८ जीबीच्या खाली घेऊ नये, कार्डाला वेगळी खाच असेल तर उत्तम, आणि दुकानात नवा फोन सुरू करून सिस्टीम किती खाते ते आधी बघावं.

दिवाळीनंतर फोन पुन्हा बघितला तेव्हा १९ जीबी मोकळे होते. सहा जीबी पुन्हा भरले, त्यातले बरेचसे पोषण महिन्याचे आणि थोडे दिवाळीचे. फोटो कमी मागा असं वर सांगणं ताईंच्या हातात नाही, माझ्या तर नाहीच. दुसऱ्या ग्रुपलाही फोटो वेगळे टाकावेच लागतात. एवढा बदल मात्र त्यांनी स्वतः केला: आता त्या गॅलरीतून एकदाच, बीटच्या ग्रुपवर टाकतात, आणि तिथूनच दाबून दुसऱ्या ग्रुपला फॉरवर्ड करतात. त्याने ‘सेंट’मध्ये नवी प्रत होत नाही. बीटच्या इतर सेविकांनाही त्यांनी हे दाखवलं, आणि आता त्यांतल्या काही जणी आपापले फोन घेऊन वर्गावर येऊ लागल्या आहेत.